फिट येऊन गेल्यावर दोन-दोन दिवस डोकं सुन्न राहतं, साधे शब्द आठवत नाहीत. यातून कसं सावरायचं?

मलाही अपस्मार आहे, त्यामुळे तुम्ही लिहिलेलं सगळं ओळखीचं वाटलं. फिट दोन मिनिटांत थांबते, मग डोकं जड, शब्द जिभेवर येऊन अडलेले, आणि घरचे म्हणतात, "आता तर ठीक आहेस, मग गप्प का?"

त्यांना हे जरूर वाचायला द्या. फिटमध्ये मेंदूच्या असंख्य पेशी एकदम बेफाम संदेश सोडायला लागतात. मेंदू मग स्वतःच त्यांना आवर घालतो, आणि तो आवर फिट थांबली तरी लगेच सैल होत नाही. मेंदूच्या काही भागांचा रक्तपुरवठाही थोडा वेळ कमी झालेला असू शकतो. डॉक्टर याला पोस्ट-इक्टल अवस्था म्हणतात. बऱ्याच जणांची ती काही मिनिटांत किंवा तासांत सरते, काहींची एक-दोन दिवस रेंगाळते. तेव्हा तुम्ही आळस करताय असं कुणी म्हणत असेल तर ते साफ चूक आहे.

या तासांत जोर लावून डोकं चालवायला जाऊ नका. झोप येत असेल तर झोपा, फक्त जवळ कुणीतरी असू द्या. गाडी, गॅस, दार आतून लावून आंघोळ, पैशांचे व्यवहार हे सगळं पूर्ण भानावर येईपर्यंत बाजूला. फिटच्या आसपासचा वेळ आठवत नसेल तर आठवायचा हट्टही सोडा, कारण बहुतेक वेळा त्या आठवणी मेंदूत नोंदल्याच गेलेल्या नसतात. काय झालं ते पाहणाऱ्याला विचारा आणि लिहून ठेवा.

सगळ्यात जास्त जपायचं ते गोळ्यांना. अशा धूसर अवस्थेत "सकाळची गोळी घेतली का?" याचं उत्तर स्वतःच्या आठवणीवर सोडणं धोक्याचं आहे: चुकून दोनदा घेतली तरी त्रास, राहून गेली तर पुढची फिट. म्हणून वारांचे खण असलेली डबी वापरा. खण रिकामा दिसला की प्रश्न मिटला. डोस चुकलाच तर काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून त्या डबीवरच चिकटवून ठेवा. मी फोनमध्येही एक टिपण ठेवलंय, कुठली औषधं चालू आहेत आणि कुणाला फोन करायचा.

घरच्यांना एक विनंती करा. भानावर येणाऱ्या माणसाची परीक्षा घेऊ नका. "मी कोण? आज वार कोणता?" अशी सरबत्ती सुरू झाली की आधीच घाबरलेला जीव आणखी गोंधळतो. छोट्या वाक्यात सांगा: "फिट आली होती, थांबली, तू घरी आहेस." हात धरून दाबून बसवू नका, त्याने माणूस बिथरतो. नीट गिळता येईपर्यंत पाणीही नको.

आता एक वेगळी गोष्ट. फिट नसतानाही डोक्यातलं हे धुकं कायम असेल, तर त्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. कधी ते फिटच्या गोळ्यांमुळेच असतं: टोपिरामेटने काहींना शब्द सापडत नाहीत, फेनोबार्बिटोनने सुस्ती येते. व्हॅल्प्रोएटने रक्तातला अमोनिया वाढू शकतो, कार्बामाझेपिनने सोडियम कमी होऊ शकतं, आणि हे दोन्ही रक्ततपासणीत कळतं. झोपेत येणाऱ्या लहान फिट कुणाच्या लक्षातही येत नाहीत. अपुरी झोप आणि नैराश्य यांनीही डोकं असंच मंदावतं. यातल्या पुष्कळ गोष्टींवर उपाय आहे. मात्र गोळी मनाने बंद करू नका, एकदम थांबवली तर थांबता न थांबणारी फिट येऊ शकते.

काही वेळा वाट पाहायचीच नाही. फिट पाच मिनिटांपेक्षा लांबली, शुद्ध येण्याआधी दुसरी आली, डोक्याला मार लागला किंवा एका बाजूचा हातपाय पहिल्यांदाच लुळा पडला, तर लगेच दवाखाना गाठा. गोंधळ नेहमीसारखा कमी होत नसेल तरीही थांबू नका. अंग हलत नसलं तरी आत फिट चालूच असू शकते, आणि ते ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काढल्यावरच कळतं. एक-दोन दिवस बरे जाऊन मग अचानक संशय, भास किंवा विचित्र बोलणं सुरू झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

पुढच्या भेटीला जाताना फिटच्या तारखांसोबत प्रत्येक वेळी धुकं किती तास टिकलं, आदल्या रात्री झोप किती झाली आणि गोळी कधी घेतली, हेही लिहून न्या. फिट किती आल्या हे डॉक्टर विचारतात, नंतरचे दिवस कसे गेले हे बहुधा आपल्यालाच सांगावं लागतं. माझी अशी नोंद पाहिल्यावर डॉक्टरांनी सकाळच्या डोसचा काही भाग रात्रीकडे सरकवला, आणि माझ्या सकाळी बऱ्याच मोकळ्या झाल्या.