बंड्याला आणा, पण आधी घरमालकाला फोन करा

प्रश्न : आम्ही दोघंच, सिंहगड रस्त्याला भाड्याने राहतो. दोघांचा मिळून पगार हातात ८८,००० येतो. भाडं २२,०००, घरखर्च २८,०००, गाडीचा हप्ता ११,४०० (अजून नऊ बाकी), एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा गुंतवणूक) १५,०००. बचत खात्यात ६०,००० आहेत. एका संस्थेने रस्त्यावरून उचललेला दहा महिन्यांचा, भलताच मस्तीखोर कुत्रा, बंड्या, दत्तक घ्यायचाय. दोघंही सकाळी नऊला बाहेर पडतो. मिस्टर म्हणतात, पाच हजारांची एक एसआयपी बंद करू. परवडेल का?

उत्तर : तुमच्या आकड्यांनुसार महिन्याला ११,६०० शिल्लक पडतात. बंड्याचा भात-चिकन आणि थोडं तयार खाणं मिळून ३,००० धरा. जंताचं औषध, गोचिडांचं औषध, वर्षातून एकदा रेबीजची आणि इतर रोगांची लस, हे सगळं महिन्यावर वाटलं तर ७००. पट्टे, खेळणी, कुरतडलेल्या चपला ५००. हे कुणीही सांगेल. पत्रात जे नाही ते महाग आहे: दहा महिन्यांचं तरणं कुत्रं दिवसभर बंद फ्लॅटमध्ये राहणार नाही. दुपारी फिरवून आणणारा माणूस लागेल, त्याचे ३,५०० तरी. दिवाळीत गावी गेलात की बोर्डिंग (पैसे घेऊन कुत्रा सांभाळणारी जागा), तेही महिन्याला ५०० पडतं. एकूण ८,२००. म्हणजे हातात ३,४०० उरले. ओढाताण होईल, पण जमेल.

माझी खरी काळजी त्या ६०,००० ची आहे. भाडं, हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ६१,४०० लागतात, म्हणजे तुमचा आपत्कालीन निधी महिनाभरही पुरत नाही. अशात बंड्याने मोजा गिळला आणि पोट उघडावं लागलं, किंवा पावसाळ्यात गोचीड-ताप येऊन चार दिवस सलाइन लागलं, तर वीस-तीस हजार सहज जातात. म्हणून एसआयपी थांबवायचा मिस्टरांचा सल्ला मला पटतो, कारण मात्र पटत नाही. ते पाच हजार बंड्याच्या खाण्यावर नका घालू. गाडीचा हप्ता फिटेपर्यंत एसआयपी थांबवा आणि पैसे लिक्विड फंडात (कमी जोखमीचा, लगेच पैसे काढता येणारा म्युच्युअल फंड) टाका. उरलेल्या ३,४०० पैकी १,५०० ची बंड्याच्या नावाने वेगळी आरडी (बँकेतली दरमहाची आवर्ती ठेव), बाकी १,९०० त्याच फंडात. नऊ महिन्यांत ६०,००० चे १,२२,००० होतील. हप्ता संपला की एसआयपी त्याच दिवशी पुन्हा सुरू.

पाळीव प्राण्यांचा विमा मिळतो. पण आधीचे आजार आणि नेहमीच्या लशी त्यात सहसा बसत नाहीत, तेव्हा अटी वाचूनच घ्या. (आणि नाही, त्याच्या हप्त्यावर करसवलत मिळत नाही. हा प्रश्न मला खरंच विचारतात.) तुमच्या परिस्थितीत मी आधी आरडीच करेन.

आता घराचं. सोसायटीला कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही, तशा भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना आहेत. पण घरमालकाची गोष्ट वेगळी. अकरा महिन्यांच्या करारात त्याने ‘पाळीव प्राणी नको’ असं कलम टाकलं असेल, तर वर्षाच्या आत घर बदलायची वेळ येईल: दलाली, टेम्पो, नवं डिपॉझिट. शिवाय कुत्र्याला घर देणारे मालक कमी, म्हणून भाडंही दोन-तीन हजारांनी चढं पडतं. तेवढ्याने वरचा सगळा हिशेब कोलमडतो. करार काढून बघा. कलम नसलं तरी मालकाची परवानगी व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. दाराच्या चौकटीचे फोटोही आत्ताच काढून ठेवा, डिपॉझिटमधून पहिली वजावट तिचीच होते.

परवानगी मिळाली, तर संस्थेला विचारा की महिनाभर फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरता सांभाळायला, देता का. बऱ्याच संस्था देतात, त्या काळातला औषधपाण्याचा खर्चही अनेकदा त्याच करतात. दुपारचा माणूस टिकतो का, हे त्या महिन्यात कळेल. नसबंदी झाली आहे का ते विचारा आणि लसीकरणाचं कार्ड हातात घ्या. महापालिकेच्या परवान्याला रेबीजच्या लशीचा दाखला लागतोच.