एक कोटी वॉनची ठेव: मुलगी सोलला पोचायच्या आधी पाठवावी का?

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलीला सोलमधल्या एका विद्यापीठात एम.एस.साठी प्रवेश मिळाला आहे, सत्र 1 सप्टेंबरला सुरू होतं. वसतिगृहात दोघींची खोली मिळाली आहे, एका सत्राचे 14 लाख वॉन, पण तिथे स्वयंपाकघर नाही आणि मुलगी पूर्ण शाकाहारी. तिथल्या एका सीनियरने विद्यापीठाजवळ स्वयंपाकाच्या ओट्यासह ‘वन-रूम’ बघून ठेवली आहे: ठेव 1 कोटी वॉन, भाडं 6 लाख, देखभाल 70 हजार. तो स्वतः ती खोली सोडतो आहे. ठेव आत्ताच त्याच्या खात्यात पाठवली तर खोली राखून ठेवतो म्हणतो. घरी 7 लाखांची एफडी आहे 7 टक्क्यांची, शिवाय शैक्षणिक कर्ज मंजूर आहे साडेदहा टक्क्यांनी. एफडी मोडून ठेव भरावी का, आणि पहिल्या आठवड्यासाठी हातात किती पैसे द्यावेत, असे दोन प्रश्न.

एफडी मोडू नका आणि ठेव पाठवू नका. निदान या सत्राला तरी नाही. वसतिगृहाची जागा घ्या.

आधी ‘एक कोटी’ची धडकी कमी करू. कोरियात दहा हजारांचा एक ‘मान’ धरून मोजतात. दलालाच्या काचेवर नुसतं ‘1000/60’ लिहिलेलं असतं, म्हणजे ठेव 1000 मान, महिन्याचं भाडं 60 मान. हजार वॉनला 62 रुपये धरले तर ही ठेव 6 लाख 20 हजार रुपये होते. सोलमध्ये अशा खोलीला 500 ते 1000 मान ठेव ही नेहमीची गोष्ट आहे, त्यात लबाडी काही नाही. माझी हरकत आकड्याला नाही, वेळेला आणि खात्याला आहे.

कोरियाचा भाडेकरू संरक्षण कायदा चांगलाच भक्कम आहे. सोलमध्ये साडेसोळा कोटी वॉनपर्यंत ठेव असलेल्या भाडेकरूला, घर लिलावात निघालं तरी, साडेपाच कोटी वॉनपर्यंतची रक्कम बँकेच्याही आधी मिळते. तुमची एक कोटी त्यात आरामात बसते. (एकाच मालकाच्या इमारतीत वीस भाडेकरू असतील तर हा अग्रहक्क घराच्या निम्म्या किमतीतच सगळ्यांना वाटून घ्यावा लागतो, हेही लक्षात असू द्या.) पण हे संरक्षण दोन गोष्टींवर उभं आहे: भाडेकरू प्रत्यक्ष त्या घरात राहत असला पाहिजे आणि त्याचा पत्ता सरकारी नोंदीत तोच असला पाहिजे. परदेशी विद्यार्थ्यासाठी ही नोंद म्हणजे परदेशी नोंदणी कार्डावरचा पत्ता. मुलगी अजून सांगलीत आहे. तिचं कार्ड नाही, पत्ता नाही, करारावर सही नाही. आज पाठवलेला पैसा म्हणजे कायद्याच्या दृष्टीने उसनवारी.

त्यात पैसे जाणार सीनियरच्या खात्यात. मालकाच्या संमतीशिवाय खोली पुढे दुसऱ्याला देता येत नाही. मालक उद्या ‘ही कोण?’ म्हणाला तर मुलीला बॅग घेऊन बाहेर पडावं लागेल. सीनियर प्रामाणिक असेलही. त्याला स्वतःची ठेव लवकर मोकळी करून हवी असेल, हेही समजू शकतं. करार संपायच्या आत खोली सोडली तर बदली भाडेकरू शोधणं आणि दलाली भरणं बहुधा सोडणाऱ्याच्या गळ्यात पडतं. घाई त्याची आहे, तुमची नाही.

भारतातल्या बँकेच्या बाजूनेही हा व्यवहार अडखळतो. शिक्षणासाठी पाठवलेला पैसा विद्यापीठाच्या किंवा मुलीच्या खात्यात जातो. तिऱ्हाईताच्या खात्यात 6 लाख पाठवायला गेलात की काउंटरवरचा माणूस हेतूच्या रकान्यात ‘भेट’ किंवा ‘कुटुंब निर्वाह’ टाकून मोकळा होतो. एका पॅनवर आर्थिक वर्षात 10 लाखांपर्यंत परदेशी पाठवलेल्या पैशावर टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर, नाही. त्यापुढे शिक्षणाला सवलतीचा दर आहे आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर शून्य. पण ‘भेट’ म्हणून गेलेल्या पैशाला 10 लाखांपुढे 20 टक्के लागतात. फी, वसतिगृह, खर्च आणि वर ही ठेव धरली की तुमच्या पॅनवरची मर्यादा ओलांडली जाणारच. टीसीएस विवरणपत्रात परत मिळतो हे खरं, पण तोवर पैसा अडकतो. आईच्या पॅनवर वेगळी 10 लाखांची मर्यादा आहे. तिच्या खात्यात तिचा पैसा असेल तर वाटून पाठवा.

आता खर्चाची तुलना. मुलीच्या जेवणाचा मुद्दा खरा आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. कॅन्टीनच्या साध्या रश्श्यातसुद्धा सुक्या मासळीचं पाणी असतं, किमचीत मासळीचा सॉस असतो, आणि ‘मांस नको’ म्हटलं तरी हॅमचे तुकडे येतात कारण ते मांसात धरत नाहीत. म्हणून जेवणाचा फरकही हिशोबात घेऊ.

वन-रूमचं भाडं आणि देखभाल 6 लाख 70 हजार, गॅस-वीज सरासरी 80 हजार, म्हणजे महिना साडेसात लाख आणि वर्षाला 90 लाख वॉन. थंडीत जमिनीखालची उष्णता चालू ठेवली की गॅसचं बिल यापुढे जातं. वसतिगृह: दोन सत्रांचे 28 लाख, सुट्ट्यांचे चार महिने त्याच दराने 14 लाख, एकूण 42 लाख. फरक 48 लाख वॉन. बाहेर जेवल्याने महिन्याला 1 लाख 10 हजार जास्त गेले असं धरा, वर्षाचे 13 लाख. तरीही वसतिगृह 35 लाखांनी, म्हणजे सव्वादोन लाख रुपयांच्या आसपास स्वस्त पडतं. यात ठेवीवरचं बुडणारं व्याज धरलेलंच नाही: एफडीतून दिली तर वर्षाला 43 हजार, कर्जातून दिली तर 65 हजार रुपये. दलाल मध्ये असेल तर त्याचे वेगळे. ठेवीत भाड्याची शंभरपट मिळवायची, 7 कोटी वॉन होतात, त्यावर 0.4 टक्के म्हणजे 2 लाख 80 हजार वॉन.

एक पळवाट वसतिगृहातच शोधा. खोलीत राइस कुकर किंवा इंडक्शन सापडलं की दंडाचे गुण लागतात आणि गुण साठले की बाहेर काढतात, तेव्हा ‘सगळे ठेवतात’ यावर जाऊ नका. पण काही वसतिगृहांत मजल्यावर सामायिक स्वयंपाकघर असतं आणि माहितीपत्रकात त्याचा पत्ता नसतो. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आजच ईमेल करून विचारा, खोली बदलून मिळते का तेही. दुसरा मार्ग गोशीवॉनचा. कपाटाएवढी खोली, पातळ भिंती, पण ठेव नाही, महिन्याला 35 ते 50 मान, सामायिक स्वयंपाकघर आणि बऱ्याच ठिकाणी भात फुकट. दोन वर्षं राहायची जागा नव्हे ती, सुट्टीत वसतिगृह बंद झालं तर उत्तम.

पहिल्या आठवड्याच्या पैशांचं. इथे पालक एकतर खूप रोख देतात किंवा एकाच कार्डावर भिस्त ठेवतात. खरी अडचण अशी की पहिला आठवडा संपला तरी तिचं कोरियन खातं नीट चालू झालेलं नसतं. नोंदणी कार्डाचा अर्ज आल्यापासून 90 दिवसांत करायचा असतो, पण सप्टेंबरात सगळेच विद्यार्थी येतात आणि इमिग्रेशनची वेळ तीन-चार आठवडे पुढची मिळते. वर सप्टेंबर-ऑक्टोबरात चुसोक या सणाची सुट्टी. वेळ आरक्षित करणं हे पोचल्या दिवशीचं काम आहे, किंवा विद्यापीठ सामूहिक अर्ज घेत असेल तर त्यात नाव घालणं. काही बँका नुसत्या पासपोर्टवर खातं उघडतात, पण ते मर्यादित खातं असतं: एटीएम आणि मोबाइलवरून दिवसाला 10 लाख वॉन, काउंटरवर 30 लाख. फोनचं करारी कनेक्शन कार्डाशिवाय मिळत नाही, आणि स्वतःच्या नावाचा फोन नसेल तर कोरियन संकेतस्थळांवर ओळख पडताळणी होत नाही. तोवर ऑनलाइन खरेदी जवळपास बंद.

म्हणून 45 दिवसांचा पैसा असा लावा. वसतिगृह आणि फी आधीच भरलेली. उरलेल्या खर्चाला 12 लाख वॉन, म्हणजे 75 हजार रुपये पुरतात. त्यातले 600 डॉलर रोख, शंभराच्या कोऱ्या नोटांत. छोट्या नोटांना भाव कमी मिळतो. सांगली-कोल्हापुरात वॉन शोधत बसू नका, मिळाले तर महाग मिळतील. विमानतळावर फक्त 100 डॉलर मोडावेत, तिथला दर वाईट असतो. बाकीचे सोलच्या म्योंगदोंग भागातल्या परवानाधारक चलन दुकानांत. उरलेली रक्कम फॉरेक्स कार्डावर, आणि कार्ड घेताना एकच प्रश्न विचारा: यावर वॉन भरता येतात का? नाही म्हणाले तर डॉलरचे वॉन होताना प्रत्येक खरेदीवर आणखी सुमारे साडेतीन टक्के जातात. दुसरं, वेगळ्या बँकेचं डेबिट कार्ड, आंतरराष्ट्रीय वापर इथूनच चालू करून. एटीएम ‘ग्लोबल’ असा शिक्का असलेलंच वापरायचं.

आणि तिचं भारतीय सिम रोमिंगवर जिवंत ठेवा. कार्डात पैसे भरायचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. सिम बंद, कार्ड रिकामं आणि खातं अजून उघडायचं, ही अवस्था दर सत्रात कुणाची ना कुणाची होते.

आठवड्याचा खर्च म्हणाल तर विमानतळ बस 17-18 हजार वॉन, बस-मेट्रोचं टी-मनी कार्ड आणि त्यात 30 हजार (ते सहसा रोखीने भरायला लागतात, म्हणून रोख), महिन्याचं प्रीपेड सिम 50-60 हजार, अंथरूण-पांघरूण 70 हजारांपर्यंत कारण वसतिगृहात पलंगावर नुसती गादीच असते, नोंदणी कार्डाचं शुल्क आणि फोटो मिळून 45-50 हजार, बादली-हँगर-वायर वगैरे दाइसो या स्वस्त वस्तूंच्या दुकानातून जिथे कुठलीच वस्तू सहसा 5 हजारांच्या वर नसते, आणि जेवण दिवसाला 15 हजार. साडेतीन ते चार लाखांत बसतं.

नावाकडे लक्ष द्या, हे आपल्याकडच्या मुलांना हटकून नडतं. मराठी मुलींच्या पासपोर्टात आडनाव आधी, मग नावाच्या रकान्यात मुलीचं आणि वडिलांचं नाव. नोंदणी कार्डावर ते सगळं लांबलचक छापलं जातं. बँकेत मात्र रकाना संपला म्हणून वडिलांचं नाव अर्धं तुटतं, फोनच्या दुकानात आडनाव शेवटी जातं. तिन्हीकडे अक्षर न् अक्षर आणि मधली मोकळी जागासुद्धा सारखी नसेल तर पडताळणी फसते, आणि चूक कुठे आहे हे यंत्रणा सांगत नाही. खातं उघडताना कार्डावर जसं आहे तसंच टाइप करून घ्यायचं आणि पडद्यावर बघूनच सही करायची.

विमा वर्षभराचा घेऊ नका. डी-2 या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला नोंदणी झाल्या दिवसापासून राष्ट्रीय आरोग्य विमा सक्तीचा आहे, महिन्याला सुमारे 75 ते 80 हजार वॉन. इथून तीन महिन्यांचा प्रवासी विमा पुरे, विद्यापीठाची वेगळी अट नसेल तर. हप्ता थकला तर व्हिसा वाढवताना अडवतात. बिल नोंदलेल्या पत्त्यावर जातं, म्हणून घर बदललं की 15 दिवसांत पत्ता बदलायचाच.

पार्टटाइम कमाई पहिल्या सत्रात शून्य धरा. त्याला वेगळी परवानगी लागते आणि कोरियन भाषेची पातळी नसेल तर तास कमी मिळतात.

पुढच्या सत्राला खोली हवीच असं ठरलं, तर डिसेंबर मध्यापासून जानेवारीत बघावी; फेब्रुवारीअखेर मार्चच्या सत्राची झुंबड असते. खोली डोळ्यांनी बघायची. मालकीचा उतारा, त्याला ते ‘डुंगिबू डुंगबोन’ म्हणतात, 700 वॉनमध्ये ऑनलाइन बघता येतो; त्यावर मालकाचं नाव आणि घरावरचं कर्ज दिसतं. पैसे त्याच नावाच्या खात्यात. राहायला गेल्या दिवशीच पत्ता नोंदवायचा, कारण हक्क त्या रात्री बारानंतर, म्हणजे दुसरा दिवस सुरू होताच लागू होतो. भाडं 3 लाख वॉनच्या वर असल्याने करार 30 दिवसांत कळवणंही बंधनकारक आहे; त्यातच कराराच्या तारखेची अधिकृत नोंद होऊन जाते.

तेव्हा घासाघीसही करता येईल. ठेव 500 मानांनी कमी करा म्हटलं तर मालक भाडं 3 ते 5 मानांनी वाढवतो. 3 मान वाढवले तर वर्षाला 36 मान, म्हणजे कमी केलेल्या रकमेवर 7.2 टक्के, तुमच्या साडेदहा टक्क्यांच्या कर्जापेक्षा हे स्वस्त, घ्या. 5 मान मागितले तर 12 टक्के पडतात, मग पूर्ण ठेव दिलेली बरी.

एफडी मोडायचा अर्ज बँकेत देऊन ठेवला आहे असं पत्राच्या शेवटी लिहिलं आहे. तो परत घ्या. जानेवारीत गरज पडली तर त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट मिळतो, साधारण 90 टक्क्यांपर्यंत आणि एफडीच्या दरापेक्षा एखाद टक्का जास्त व्याजाने.