मालदीवचं नंतर बघू, सर. आधी ती ठेव पावती काढा

परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शिक्षकांचं पत्र आहे. वय 43, नेमणूक 2008 ची. मुलगी यंदा दहावीला, मुलगा सहावीत. निकाल लागला की मुलगी नीटच्या तयारीला लातूरला जाणार, म्हणजे दोन वर्षं घर विस्कटलेलंच. त्याआधी मे महिन्यात चौघांनी मालदीवच्या एका बेटावर, रिसॉर्टमध्ये चार रात्री राहायचं असा बेत आहे. पॅकेज 3 लाख 60 हजारांचं. महिनाअखेर पूर्ण पैसे भरले तर 30 हजार सूट. सर विचारतात, "ठेव मोडून पैसे भरू की ठेवतारण कर्ज काढू? वर्षाला सव्वादोन लाख व्याज येतं, त्यामुळे मुद्दलाला तसा धक्का लागणार नाही."

त्या सव्वादोन लाखांपाशी मी अडकलो. वडिलांच्या नावची दीड एकर जमीन रस्त्यात गेली, 18 लाख मोबदला मिळाला, आणि तो सगळाच्या सगळा एका मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत काम करणाऱ्या, पतसंस्थेत साडेबारा टक्क्यांनी ठेवला. शाळेतलेच एक गुरुजी तिथले एजंट. पत्राच्या शेवटी सहज म्हणून लिहिलंय : गेल्या महिन्यात व्याज उचलायला गेलो तर मॅनेजर म्हणाले, "सर, आत्ता कशाला काढता? रिन्यू करा, चौदा टक्के लावून देतो."

सर, तुम्हाला ही बातमी चांगली वाटली. मला वाचून घाम फुटला. साडेबारावर खूश असलेल्या माणसाला कुणी आपणहून चौदा देतं का? ज्याच्या गल्ल्यात खडखडाट आहे तोच देतो.

तुम्हाला साडेबारा देऊन शाखेचं भाडं, पगार, एजंटचं कमिशन काढायचं, तर संस्थेला सोळा-सतरा टक्क्यांनी कर्ज वाटावं लागतं. आज त्या दराने कर्ज कोण घेतं? बँकेने दारातून परत पाठवलेला माणूस. किंवा संचालकांच्याच घरातला कुणीतरी, ज्याला ते फेडायचंच नसतं. मराठवाड्यात याचे शेवट आपण पाहिलेत. बंद शटर, आणि समोर प्लॅस्टिकच्या पिशवीत पावत्या घेऊन उभे असलेले निवृत्त कंडक्टर, अंगणवाडी ताई, ऊस विकून पैसे ठेवलेले शेतकरी. पावत्या सगळ्यांच्या खऱ्या होत्या.

हिशेब करू. सरकारी बँकेत साडेसहा टक्के धरले तर 18 लाखांवर 1 लाख 17 हजार मिळतील. तुम्हाला मिळतात 2 लाख 25 हजार. फरक 1 लाख 8 हजारांचा, महिन्याला 9 हजार. या 9 हजारांसाठी तुम्ही 18 लाख पणाला लावलेत. बुडाले तर महिना 9 हजारांनी ते भरून यायला साडेसोळा वर्षांहून जास्त लागतील, आणि जुनी पेन्शन तुम्हाला नाहीच.

एजंटने सांगितलं असेल, "पाच लाखांपर्यंत विमा आहे." नाही. फेब्रुवारी 2020 पासून पाच लाखांचं जे संरक्षण आहे ते बँकेतल्या ठेवींना, तेही एका बँकेत एका ठेवीदाराला, व्याजासकट. पतसंस्थेला, मग ती मल्टिस्टेट का असेना, ते लागू नाही. एसी, काचेचं काउंटर, टोकन मशीन हे सगळं बँकेसारखं असतं. फक्त रिझर्व्ह बँकेची देखरेख नसते. ठेव ठेवताना शे-दोनशे रुपयांची शेअरची पावती फाडली असेल बघा. त्या क्षणी तुम्ही बँकेचे ग्राहक नाही, संस्थेचे सभासद झालात. "इथे टीडीएस कापत नाहीत" हेही ऐकलं असेल. नसेल कापला, पण व्याज विवरणपत्रात दाखवावंच लागतं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर : ठेव मोडा, पण सहलीसाठी नाही आणि 3 लाख 60 हजारही नाही. पूर्ण 18 लाख. मुदतीआधी मोडल्यामुळे व्याजातले लाखभर गेले तरी जाऊ द्या. सोमवारी दोन प्रतींत अर्ज न्या, एका प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. "साहेब आले की बघू" हे उत्तर तोंडी मिळतं, म्हणून तुमचं लेखी हवं. टाळाटाळ झाली तर मल्टिस्टेटची तक्रार दिल्लीत सहकार संस्थांच्या केंद्रीय निबंधकांकडे जाते. 2023 च्या कायदादुरुस्तीत सहकार लोकपालाचीही तरतूद आहे. पैसे थकवलेच तर पोलिसांत, ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या 1999 च्या राज्य कायद्याखाली. गुरुजी मित्र रागावतील. रागावू द्या, आणि त्यांनाही त्यांची ठेव काढायला सांगा.

पैसे आले की लातूरचे पाच लाख वेगळे काढा. क्लास, वसतिगृह, मेस मिळून दोन वर्षांत तेवढे लागतीलच. ते सरकारी बँकेत, एक-दोन वर्षांच्या मुदतीवर. आईंचं वय 68 लिहिलंय. त्यांच्या नावाने दहा लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी दर तीन महिन्यांना साडेवीस हजार येतील. (जमीन वडिलांची, म्हणजे बहिणींचाही वाटा होता. त्यांनी हक्कसोडपत्रावर खरंच समजून सही केली होती ना, तेही एकदा बघा.)

मुलीच्या नावची 60 हजार हप्त्याची मनीबॅक पॉलिसीही पत्रात आहे. तिच्या आयुष्याचा विमा कशाला? घर तिच्या पगारावर चालतं का? तुमच्यावर एक रुपयाचा टर्म विमा नाही आणि पंधरा वर्षांच्या पोरीवर आहे! एक कोटीचा टर्म विमा तुमच्या वयाला वर्षाकाठी वीस-पंचवीस हजारांत मिळतो. तो आधी घ्या, मग त्या पॉलिसीचं पेड-अप मूल्य, म्हणजे हप्ते थांबवले तर तिची रक्कम किती उरेल, ते विचारून मला कळवा.

आता सहल. जायला माझी हरकत नाही. मुलगी एकदा लातूरला गेली की पुढे तिचंच टाइमटेबल. पण ते 3 लाख 60 हजार पुरणार नाहीत. तुम्ही पाठवलेल्या कागदावर तळाशी बारीक अक्षरात "ट्रान्स्फर एक्स्ट्रा" आहे. माले विमानतळावरून बेटावर स्पीडबोटीने नाहीतर सी-प्लेनने जावं लागतं. सी-प्लेन अंधारात उडत नाही, संध्याकाळी उतरलात तर मालेतला मुक्काम पदरचा. रिसॉर्टमध्ये माणशी रोज 12 डॉलर हरित कर : चौघांचे चार रात्रींचे 192 डॉलर, म्हणजे सतराएक हजार. "हाफ बोर्ड"मध्ये दुपारचं जेवण नाही, आणि बेटावर हॉटेल एकच असतं. बाहेर पडून भजी-पाव खाऊ म्हणाल तर बाहेर समुद्र. वर मे म्हणजे तिथल्या पावसाळ्याची सुरुवात. सव्वाचार लाख धरा.

त्याऐवजी अंदमान बघा. निळं पाणी, प्रवाळ सगळं आहे, पासपोर्ट नको, ताटात डाळभात मिळतो. तिथेही मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस येतो, म्हणून शाळेला सुट्टी लागताच निघा. देवगिरी एक्स्प्रेस धरून, विमान, बोटी, हॉटेल मिळून दोन-सव्वादोन लाखांत बसेल. ठेव हातात आली तर त्यातून द्या. तोवर कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नका, 30 हजारांची सूट गेली तरी.

आणि सर, मोबदल्याच्या हिशेबात आई आहेत, पॅकेजच्या चौघांत नाहीत. दोन-सव्वादोन लाख मी पाच तिकिटं धरून लिहिलेत. त्यांना बोट लागते का, तेवढं विचारून ठेवा.