‘सगळ्यांसमोर पडले तर?’

“शर्यतीची भीती नाही वाटत हो, बॅरिअरपाशी उभ्या असलेल्या लोकांची वाटते.”

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्या हे बोलून गेल्या. वय ३९. चार वर्षं रस्त्यावर सायकल चालवलेली, ८०-९० किलोमीटर सहज होतात. सायक्लोक्रॉसच्या शर्यतीत दोनदा नाव नोंदवलं आणि दोन्ही वेळा आदल्या रात्री मागे घेतलं. (त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गवत, चिखल, वाळू, तिरके उतार अशा २.५ ते ३.५ किलोमीटरच्या वळशावर सायकलने ठरावीक वेळ फेऱ्या मारायच्या. नवख्यांची शर्यत बहुधा ३०-४० मिनिटांची असते. वाटेत आडव्या फळ्या असतात, म्हणजे बॅरिअर. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे त्यांची उंची जास्तीत जास्त ४० सेंटीमीटर आणि दोन फळ्यांमध्ये ४ मीटर अंतर. नवखा माणूस तिथे उतरतो, सायकल उचलून पळतो, पुन्हा चढतो. आणि गर्दी नेमकी तिथेच घंटा वाजवत उभी असते.

म्हणून ‘कोणी बघत नसतं, तुम्ही उगाच विचार करता’ हा सल्ला इथे चालत नाही. लोक बघतात, ओरडतात, हसतातही. घरच्यांनी, मित्रमंडळींनी त्यांना हेच सांगून समजावलं होतं आणि त्यांना ते खोटं वाटत होतं, कारण ते खोटंच होतं.

आम्ही आधी त्या भीतीचे तुकडे केले. कागदावर तीन ओळी उतरल्या: पडेन. शेवटची येईन. सुरुवातीलाच दम लागून छाती धडधडेल आणि थांबावं लागेल.

तिसरीपासून सुरुवात केली. डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या म्हटलं. ती व्यवस्थित आली. मग प्रश्न उरला अर्थाचा. लांबच्या राइडमध्ये त्या बोलता येईल इतक्याच श्वासावर चालवायच्या, त्यामुळे धाप म्हणजे काहीतरी बिघडलं, असं समीकरण डोक्यात बसलं होतं. सायक्लोक्रॉसमध्ये पहिल्या दोन मिनिटांत हृदयाचे ठोके कमाल पातळीजवळ जातात आणि शेवटपर्यंत फारसे उतरत नाहीत. ही ओळख सरावातच व्हायला हवी. आठवड्यातून एकदा, १५ मिनिटं अंग गरम करून, ३० सेकंद जोरात आणि ३० सेकंद हळू, असं आठ वेळा. प्रत्येक हळू टप्प्यात एकच काम: श्वास लांब सोडायचा. तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, “धडधड तीच आहे, पण आता कळतं की ती उतरते.”

शेवटची येण्याच्या भीतीवर समुपदेशनापेक्षा नियम जास्त कामाला आले. त्यांना वाटत होतं, सगळे घरी गेल्यावरही आपण एकट्याच फिरत राहणार. प्रत्यक्षात पहिला स्पर्धक संपवतो तेव्हा, मागे पडलेल्यांचीही शर्यत ती फेरी पूर्ण केली की संपते. म्हणजे एका फेरीने मागे असाल तर एक फेरी कमी मारून तुम्ही सुटता. वरच्या स्तरावर ८० टक्क्यांचा नियम आहे: सगळ्यात पुढे असलेल्याला पहिल्या फेरीला लागलेल्या वेळेच्या ८० टक्के इतके मागे पडलात की बाहेर काढतात. नवख्यांच्या गटात तो बहुधा लावत नाहीत. आयोजकांना आधी विचारावं. कोणी मागून गाठलं तर आपली रेषा धरून चालवत राहायचं. घाबरून बाजूला झटका दिला किंवा ब्रेक दाबला तर खरा अपघात होतो. जागा शोधणं मागच्याचं काम.

राहिलं पडणं. इथे बोलून काही होणार नव्हतं. त्यांनी मोबाइलवर काढलेला सरावाचा व्हिडिओ आणला होता. तो थांबवत थांबवत पाहिला. उतरताना उजवा पाय मागून वळवून डाव्या बाजूला येतो, उजवा हात टॉप ट्यूबवर (सायकलच्या सांगाड्याच्या वरच्या आडव्या नळीवर) जातो, इथवर ठीक. पण तोवर डावा बूट (पेडलमध्ये खटकन बसणारा, क्लिपचा) पेडलमध्ये अडकलेलाच. शेवटच्या क्षणी टाच झटकून तो सोडवायचा प्रयत्न, आणि त्याच घाईत डाव्या हाताने ब्रेक करकचून दाबलेला. त्यांच्या सायकलीला डावीकडे पुढचा ब्रेक होता. मागचं चाक उचललं जाणारच!

उपाय साधे होते. पहिले दोन आठवडे सपाट पेडल आणि साधे बूट. नंतर क्लिपचे बूट घालायचे, पण पेडलची स्प्रिंग ढिली करून आणि उजवा पाय वळवण्याआधीच डावा सोडवून, नुसता टेकवून ठेवायचा. वेग आधीच कमी करायचा, हात सुटल्यावर नाही. चढताना दोन्ही हात हूडवर (हँडलवरच्या ब्रेकच्या रबरी मुठींवर) आणि उडी वर नाही, पुढे. उजव्या मांडीची आतली बाजू सीटवर टेकवून घसरत बसायचं. त्या चढण्याआधी जागच्या जागी एक जादा टुणकी मारत होत्या. ती बहुतेक नवखे मारतात, आणि त्यात वेग मरतो. ती घालवायला चालण्याच्या वेगात, रोज दहा वेळा, एवढं पुरतं.

शिवाय टायरमध्ये हवेचा दाब होता ५० पीएसआय. गवतावरच्या वळणात चाक सरकणार नाही तर काय? ३३ मिलिमीटरचा टायर, वजन ६०च्या आसपास, आत ट्यूब. ३० पीएसआयवर आणल्यावर निम्मी घसरगुंडी थांबली. ट्यूब असताना याहून फार खाली गेलं की रिम दगडावर आपटते आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. कित्येकदा आपण जिला स्वभावातली भीती म्हणतो ती पंपाने मोजता येते.

बॅरिअरसाठी पायऱ्या लिहिल्या: जमिनीवर आडवी काठी, मग १० सेंटीमीटरची फळी, मग २०, मग ४०. तिसऱ्या आठवड्यात गाडी अडली. १० वरून थेट ४०, तेही वेगात. पायाची नडगी सोलली, सराव बंद. चूक आमच्या आखणीतली होती. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, उंची किंवा वेग, हे लिहिलंच नव्हतं. २० वर चालत परत गेलो.

पण मोठी गफलत आणखी वेगळी निघाली. बोलता बोलता म्हणाल्या, सराव पहाटे साडेपाचला करते, मैदानावर कोणी नसतं तेव्हा. म्हणजे ज्याची भीती तेच सरावातून वगळलेलं! मानसशास्त्रात याला टाळाटाळ म्हणतात. ती त्या क्षणी बरं वाटायला लावते आणि भीती जशीच्या तशी राखून ठेवते. म्हणून पायऱ्यांची दुसरी यादी केली. आधी बहीण बाकावर बसून बघणार. मग संध्याकाळी, मैदानावर मुलं खेळत असताना. मग तीन मित्र फळीपाशी उभे राहून मुद्दाम आरडाओरडा करणार. आणि एकदा त्यांच्यासमोर जाणूनबुजून अडखळायचं, सायकल खाली ठेवायची, उचलायची, निघायचं. ही शेवटची पायरी त्यांनी दोनदा पुढे ढकलली. केली तेव्हा मित्र हसले, त्याही हसल्या. वेळ मोजला तर सगळा प्रकार ११ सेकंदांचा.

शर्यतीच्या दिवसासाठी तीनच गोष्टी ठरल्या: उभं राहायचं मागच्या रांगेत, पहिल्या वळणापर्यंत कोणाशी स्पर्धा नाही, पहिल्या फेरीत बॅरिअरवर चालत जायचं. दुसरीपासून वाटलं तर पळायचं.

दोन फेऱ्यांनी मागे पडल्या, शेवटून दुसऱ्या आल्या. पडल्या त्या तिरक्या उतारावर, जिथे बघायला कोणीही नव्हतं.

पुढच्या भेटीत वही उघडून बसल्या. दोन प्रश्न होते. पोटऱ्या चार दिवस का दुखत होत्या? कारण सायकलस्वाराला पळायची सवय नसते; आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं हळू पळण्यापासून सुरुवात करा म्हटलं. दुसरा प्रश्न: क्लीटमध्ये (बुटाच्या तळाला असलेल्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या खाचेत) चिखल भरून बूट पेडलमध्ये बसतच नव्हता, तर काय करायचं? चढण्याआधी बुटाचा तळ पेडलवर आपटून चिखल झाडायचा, एवढं मला ठाऊक होतं. त्यापुढचं कोचना विचारा म्हणून सांगितलं, आणि पुढची भेट एक महिन्यानंतरची ठरवली.