सिस्टरांच्या लहानशा संस्थेकडे पैसा येतो कुठून आणि जातो कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पन्नास-साठ सिस्टरांची एखादी कॅथलिक संस्था शाळा, वसतिगृह, दवाखाना चालवते कशी? सगळा पैसा परदेशातून येतो का, आणि तो खरंच गरिबांपर्यंत पोचतो का?

मी वसईचा, बँकेतून निवृत्त झालेला. आमच्याकडच्या अशाच एका धर्मसंघाचे हिशेब ऑडिटरकडे जाण्याआधी नजरेखालून घालतो, म्हणून लिहितो.

व्हॅटिकनचं आधी उरकून घेतो. तिथून सिस्टरांना पगार येत नाही, बिशपही देत नाहीत. लहान संस्थेचा खरा आधार म्हणजे अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या किंवा इस्पितळात नर्स असलेल्या सिस्टरांचा पगार. तो जमा होतो त्यांच्याच नावावर, पण दारिद्र्याचं व्रत घेतल्यामुळे जातो सगळा संघाच्या खात्यात. कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, ६६८व्या कलमानुसार पेन्शनसुद्धा संघाचीच. गंमत म्हणजे माहेरच्या वाडीतला हिस्सा बहुतेक संघांत सिस्टरच्याच नावे राहू शकतो, फक्त त्याचा कारभार तिला दुसऱ्याकडे सोपवावा लागतो आणि आजन्म व्रतं घेण्याआधी मृत्युपत्र करून ठेवावं लागतं.

या पगारांवर पूर्वी टीडीएस कापला जात नसे. १९४४पासूनच्या परिपत्रकांचा आधार होता. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, पगार त्या व्यक्तीचा, तेव्हा कर कापला जाणार. कायद्याच्या दृष्टीने मला हा निकाल पटतो. पण ज्या घरात चार पगारांवर पंधरा जणी जगतात, तिथे दरमहा किती खड्डा पडतो ते मी आकड्यांत पाहतो.

खर्चाची बाजू पाहाल तर हसू येईल. सिस्टर जिथे एकत्र राहतात त्या दर घराकडून महिन्याचा तक्ता येतो: भाजी, गॅस, रिक्षा, औषधं. मोबाइलच्या रिचार्जचीसुद्धा नोंद. एका सिस्टरने चष्म्याची काच बदलली, तर त्याखाली सुपिरिअरची, म्हणजे प्रमुख सिस्टरची, सही. पैसे सांभाळणारी बर्सर सिस्टर वेगळी असते. संघाच्या प्रांताच्या, म्हणजे अनेक घरांच्या मिळून, पातळीवर तर सुपिरिअर आणि बर्सर एकच असू नयेत असा चर्चचा नियमच आहे. वरून धर्मादाय आयुक्त आहेत, आयकर खातं आहे. करसवलत टिकवायची तर उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टावर लागायला हवा, किंवा तो का साठवला ते रीतसर कळवायला हवं.

आता परदेशी पैसा. तो नाकारण्यात अर्थ नाही, मुंबईतच उदाहरण आहे. अंधेरीत १९४२ साली सिस्टर ॲना ह्युबर्टा या जर्मन धर्मभगिनीने ‘हेल्पर्स ऑफ मेरी’ हा संघ सुरू केला. ती सांभाळत असलेल्या अनाथ मुलांबद्दल ऐकून बॉनमधल्या रोझी गोलमन या शिक्षिकेने मदत गोळा करायला सुरुवात केली. त्यातून १९६७ साली ‘अंधेरी-हिल्फे’ ही संस्था झाली आणि पुढे तिच्या पैशातून बांगलादेशात मोतीबिंदूची ऑपरेशनंसुद्धा झाली. असा दाता मिळाला की काम उभं राहतं. पण तो प्रत्येकाला मिळत नाही, आणि २०२०पासून एफसीआरएचे, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याचे, नियमही कडक झालेत. पैसा फक्त स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतच उतरतो, प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा, आणि एका संस्थेने आणलेला पैसा दुसरीला देता येत नाही. आधी मोठे संघ लहानांना थोडं पुढे सरकवायचे, ते बंद झालं.

गरिबांपर्यंत पोचतो का? वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या जेवणावर, फीवर, औषधांवर गेलेला पैसा मी बिलांनिशी पाहिला आहे. माझी तक्रार दुसरीच आहे. मुलांच्या नावाने लोक हसत देतात. विजेच्या बिलासाठी, गळक्या छपरासाठी, अंथरुणाला खिळलेल्या ऐंशी वर्षांच्या सिस्टरच्या डायपरसाठी कोणी देत नाही. नवीन मुली संघात येणं कमी झालंय, म्हणजे पगार आणणाऱ्या कमी आणि सांभाळायच्या जास्त. आणि संघांनाही बोलतो: परदेशी निधीचा वर्षाचा हिशेब कायद्याने जाहीर करावाच लागतो, मग स्थानिक देणग्यांचाही धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, फळ्यावर लावायला काय हरकत आहे? लपवण्यासारखं काही नसतं, केवळ संकोच असतो, आणि त्या संकोचातूनच गावात कुजबुज सुरू होते.

तुम्हाला द्यायचं असेल तर ८०जी, म्हणजे देणगीवर आयकर सवलत देणारी नोंदणी, आहे का विचारा आणि चेकने किंवा ऑनलाइन द्या. २००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही. शक्य असेल तर ‘सर्वसाधारण निधी’ असं लिहा. कॅनडातला भाऊ देणार असेल, तर आधी त्याचा पासपोर्ट पाहा. भारतीय असेल तर त्याच्या बचतीतून बँकेमार्फत आलेली देणगी परदेशी धरली जात नाही. कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी ठरते, मग तो जन्माने वसईचा असला तरी. एफसीआरए नोंदणी नसलेल्या संघाने ती घेतली, तर गोत्यात संघ येतो, भाऊ नाही.