न्यायालयात किंवा कारागृह विभागात नोकरी करायची असेल, तर वकील न होता कोणत्या वाटा आहेत?

आपण विचारले आहे की कला शाखेची पदवी झाली आहे, वय तेवीस आहे, न्यायालयात किंवा कारागृहात काम करावेसे वाटते. पण त्यासाठी कायद्याची पदवी घेतलीच पाहिजे का, आणि घरच्यांना तुरुंगातली नोकरी मुलीसाठी बरी वाटत नाही, त्यांचे म्हणणे कितपत योग्य आहे. मी एका जिल्हा न्यायालयाच्या आस्थापनेवर कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. कारागृहाशी माझा संबंध आला तो पत्रव्यवहारातून आणि तिथल्या न्यायालयीन शाखेत काम करणाऱ्या मंडळींमुळे. त्यामुळे पुढील उत्तर महाराष्ट्रापुरते आहे.

कायद्याच्या पदवीवाचून या व्यवस्थेत शिरता येते आणि बहुसंख्य माणसे तशीच शिरतात. जिल्हा व तालुका न्यायालयांतील लघुलेखक, कनिष्ठ लिपिक आणि शिपाई-हमाल ही पदे उच्च न्यायालय एकत्रित जाहिरात काढून भरते. 2018 नंतरची मोठी जाहिरात डिसेंबर 2023 मध्ये आली. तिच्यात 4629 पदे होती, त्यांपैकी 2795 कनिष्ठ लिपिकाची आणि 568 लघुलेखकाची. या दोन वर्षांमधले अंतर पाहिले, तर दरवर्षी भरती होईल या भरवशावर बसणे किती धोक्याचे आहे ते कळेल. लिपिकाला 19,900 ते 63,200 आणि लघुलेखकाला 38,600 ते 1,22,800 अशी मूळ वेतनश्रेणी त्या जाहिरातीत होती. पदवीधर उमेदवारांची झुंबड पहिल्या पदावर पडते आणि दुसऱ्याकडे फारसे कोणी वळत नाही, कारण लघुलेखनाला दीड-दोन वर्षे हात घासावा लागतो.

लिपिकाचे काम म्हणजे नुसती कागदांची आवकजावक, असा समज बाहेर आहे. न्यायालयाच्या दालनात न्यायाधीशांच्या आसनाखाली जो लिपिक बसतो, त्याच्यासमोर त्या दिवसाच्या बोर्डावरची, म्हणजे सुनावणीच्या यादीतली, सगळी प्रकरणे क्रमाने लावलेली असतात. शिपाई पुकारा करतो, पक्षकार किंवा वकील उभे राहतात, काही मिनिटांत त्या प्रकरणात जे घडायचे ते घडते आणि लिपिक ते रोजनाम्यात उतरवून पुढची तारीख टाकतो. रोजनामा ही त्या प्रकरणाची दिवसागणिक नोंद असते, आणि पुढे अपिलात तो दिवस कसा गेला हे शोधायचे झाल्यास वरचे न्यायालय तीच वाचते. पुकारा झाला तेव्हा प्रतिवादी हजर होता आणि वादी नव्हता, एवढ्या नोंदीवर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या नवव्या आदेशानुसार दावा काढून टाकला जाऊ शकतो. तो पुन्हा फाइलवर घेण्यासाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, गैरहजेरीचे कारण आणि समोरच्याचे म्हणणे या सगळ्यांतून जावे लागते. म्हणून जुने अधीक्षक नव्या लिपिकाला पहिल्या आठवड्यात एकच ताकीद देत असत, की संध्याकाळी आठवून रोजनामा लिहायचा नाही, जागेवर लिहायचा.

दालनाबाहेर नाझर विभाग, नक्कल विभाग, अभिलेख कक्ष आणि मुद्देमाल कक्ष असतात, आणि बदलीच्या चक्रात माणूस या सगळ्यांतून फिरतो. नाझराकडे पैसा आणि बजावणी असते. बजावणी करणारा बेलिफ समन्स घेऊन गावोगाव जातो, आणि त्याच्या कामाइतके कमी लेखलेले काम या इमारतीत दुसरे नसेल. पक्षकार घरी नसेल, तर कुटुंबातील प्रौढ व्यक्तीला समन्स देता येते, पण घरगड्याला दिलेले चालत नाही, कारण संहितेने त्याला कुटुंबात धरलेलेच नाही. पक्षकार घ्यायलाच तयार नसेल, तर घराच्या बाहेरच्या दारावर प्रत चिकटवायची आणि केव्हा, कोणत्या परिस्थितीत चिकटवली, घर कोणी दाखवले, समक्ष कोण होते, हे सारे अहवालात लिहायचे असते. ‘घरी मिळून आले नाहीत’ एवढ्यावर अहवाल उरकला की तारीख पुढे जाते. माझ्या पाहण्यातले कित्येक दावे युक्तिवादात अडकण्याआधी बजावणीतच अडकलेले होते.

लघुलेखकाच्या पदाकडे आपण गांभीर्याने पाहावे असे मला वाटते. इंग्रजी लघुलेखन मिनिटाला 100 शब्द आणि मराठी 80 शब्द, शिवाय दोन्ही भाषांचे टंकलेखन, असे त्याचे मोजमाप असते. पण खरे कसब वेगाच्या पलीकडे आहे. न्यायाधीश निकाल सांगत असताना मध्येच मागच्या परिच्छेदाकडे वळतात, कलम दुरुस्त करतात, एखादे वाक्य अर्धवट टाकून दुसरे सुरू करतात, आणि त्यातून सलग, निर्दोष मसुदा तयार करायचा असतो. यंत्र आता बोललेले लिहू लागले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये घटनापीठासमोरच्या सुनावणीचे तसे लेखन करून पाहिले. तरी साक्षीदार आपल्या बोलीत, घाबरत, अर्धी वाक्ये गिळत बोलत असतो आणि चार वकील एकाच वेळी हरकत घेत असतात, त्या तालुक्याच्या दालनात माणसाचा कान अजून बराच काळ लागेल असा माझा अंदाज आहे. कला शाखेत भाषा चांगली झाली असेल, तर ही वाट आपल्यासाठी लिपिकापेक्षा सरस आहे.

न्यायाधीश होण्याचा हिशेब मात्र बदलला आहे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदाची परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते आणि मध्यंतरी विधी पदवी हातात पडताच ती देता येत असे. 20 मे 2025 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने या प्रवेशपदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट देशभर पुन्हा लागू केली. हा काळ वकील म्हणून तात्पुरती नोंदणी झाल्यापासून मोजला जातो आणि न्यायमूर्तींकडे विधी लिपिक म्हणून केलेले कामही त्यात धरले जाते. पदवीनंतरचा विधी अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, म्हणजे आज सुरुवात केली तरी परीक्षेला बसेपर्यंत आपण एकोणतिशीला पोहोचाल. सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे खटल्यात सरकारची बाजू मांडणारा वकील, होण्यासाठीही आधी वकिली लागतेच. कायद्याकडे वळलातच, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची विधी साहाय्य बचाव वकिलांची योजना पाहून ठेवावी. तिच्यात मुख्य, उप आणि सहायक अशा तीन पातळ्यांवर पूर्णवेळ वकील करारावर घेतले जातात, त्यांना खासगी प्रकरणे घेता येत नाहीत, आणि सहायकाच्या जागेसाठी नवख्या वकिलाचाही विचार होतो. ज्याला वकील परवडत नाही अशा आरोपीची बाजू पहिल्या दिवसापासून हाताळायला मिळते, हे शिक्षण मोठ्या वकिलाच्या कार्यालयात वर्षानुवर्षे तारखा घेत बसून मिळत नाही.

आता कारागृहाकडे वळतो. राज्याच्या कारागृह विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे आणि येरवडा, मुंबई, ठाणे, तळोजा, नाशिक रोड, नागपूर, अमरावती, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे मध्यवर्ती कारागृहे आहेत. गणवेशातील सर्वांत खालचे पद कारागृह शिपायाचे. त्याची भरती पोलीस शिपायाच्या धर्तीवर होते, म्हणजे धावणे व गोळाफेक यांची मैदानी चाचणी 50 गुणांची आणि लेखी परीक्षा 100 गुणांची. वर हवालदार, सुभेदार, तुरुंगाधिकारी, उपअधीक्षक, अधीक्षक अशी शिडी आहे, आणि अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण येरवड्याच्या दौलतराव जाधव तुरुंगाधिकारी प्रशिक्षण महाविद्यालयात होते. गणवेशाबाहेरची पदे लोकांना ठाऊकच नसतात. 2024 च्या सुरुवातीला या विभागाने 255 पदांची जाहिरात काढली होती, तिच्यात लिपिक व लघुलेखकांबरोबर शिक्षक, मिश्रक (औषधे तयार करून देणारा), सुतारकाम निदेशक, बेकरी निदेशक, ताणाकार (मागावरचा ताणा लावणारा), चर्मकला निदेशक, कातारी (कातकाम करणारा), करवत्या (लाकूड कापणारा), ब्रेललिपी निदेशक अशी पदे होती. सिद्धदोष बंद्यांकडून, म्हणजे गुन्हा शाबित झालेल्या कैद्यांकडून, कारागृहाच्या कारखान्यात काम करून घ्यायचे, तर ते शिकवणारा कोणीतरी लागतो, म्हणून ही पदे आहेत. आयटीआय झालेल्या मुलामुलींनी ही जाहिरात का वाचू नये, हे मला कधी उमगलेले नाही.

कारागृहातील ज्या शाखेशी माझे रोजचे काम पडे, ती न्यायालयीन शाखा. देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश न्यायाधीन बंदी असतात, म्हणजे त्यांचा निकाल अजून लागलेला नाही. त्यामुळे कोणाला कोणत्या तारखेला कोणत्या न्यायालयात हजर करायचे आणि कोणाला सोडायचे, याचा हिशेब ही शाखा ठेवते. जामिनाचा आदेश झाला म्हणजे माणूस सुटला, असे नातेवाइकांना वाटते. प्रत्यक्षात जामीनदाराचे कागद तपासून न्यायालय ते स्वीकारते, मग सुटकेचा आदेश निघतो आणि तो कारागृहात पोहोचल्यावर तिथला लिपिक बंद्याचे नाव, वडिलांचे नाव, पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक आणि कलमे वॉरंटाशी ताडून पाहतो. कलमातला एक आकडा जुळला नाही, वडिलांच्या नावात काना-मात्रेचा फरक पडला, किंवा त्याच बंद्याला दुसऱ्या गुन्ह्यात हजर करण्याचे वॉरंट येऊन पडलेले असले, तर तो रात्री बराकीतच राहतो. त्यातून शनिवार असेल, तर पुढचे आपणच समजून घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये असे निर्देश दिले की जामीन आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृह अधीक्षकांना ईमेलने जावी, आणि जामीन मिळूनही सात दिवसांत बंदी सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. ईमेल आला तरी ताडून पाहणारा माणूस लागतोच, आणि त्याने आदेशातली चूक लगेच फोन करून न्यायालयाच्या लिपिकाला सांगितली तर ती दुपारपर्यंत दुरुस्त होते. या दोन लिपिकांची ओळख असणे किती मोलाचे असते, ते कुठल्याही सेवानियमात लिहिलेले नाही.

घरच्यांच्या आक्षेपाविषयी. महिला बंद्यांना कायद्याने पुरुषांपासून वेगळे ठेवावे लागते आणि त्यांच्या विभागात पहारा, झडती, मोजणी ही कामे महिला कर्मचारीच करतात, त्यामुळे मुलींना इथे जागा आहे. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईबरोबर राहू शकते. त्या मुलांच्या आहाराची, पाळणाघराची आणि शिक्षणाची सोय करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये दिले आहेत, आणि ते पाळले जाणे बरेचसे त्या पाळीवरच्या कर्मचाऱ्यांवर अवलंबून असते. घरच्यांना वाटते तशी मारामारी हा तिथला रोजचा प्रसंग नाही. रोजचा त्रास वेगळा आहे: रात्रपाळी, सणासुदीला हमखास रद्द होणारी रजा, क्षमतेपेक्षा जास्त बंदी असलेल्या बराकी आणि तेच ते दार दिवसातून असंख्य वेळा उघडणे व बंद करणे. दुसरे म्हणजे, बंदी किंवा त्याचे नातेवाईक निरोप पोहोचवण्याची, एखादी वस्तू आत नेण्याची लहानशी गळ घालतात, आणि पहिल्यांदा ‘हो’ म्हटले की पुढे ‘नाही’ म्हणायला तोंड राहत नाही. नकार देऊनही बोलणे गोड ठेवणे ज्यांना जमते, तेच तिथे टिकतात. आपला स्वभाव भिडस्त असेल, तर घरच्यांचे म्हणणे कारण चुकीचे असूनही निष्कर्षाने बरोबर ठरेल.

माणसांत काम करायचे आहे पण गणवेश नको, अशांसाठी परिवीक्षा अधिकाऱ्याचे पद आहे. 1958 च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमानुसार न्यायालय काही आरोपींना शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते, आणि त्याआधी परिवीक्षा अधिकारी त्या माणसाचे घर, काम आणि संगत पाहून अहवाल देतो. बाल न्याय मंडळापुढे येणाऱ्या मुलांबाबत असा सामाजिक तपास अहवाल तर आवश्यकच असतो. महाराष्ट्रात हे काम महिला व बाल विकास विभागाकडे आहे, कारागृह विभागाकडे नाही. हे माहीत नसल्याने अनेक जण चुकीच्या संकेतस्थळावर जाहिरात शोधत बसतात. समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी येथे उपयोगी पडते. पदे मात्र थोडी आहेत आणि बरीचशी करारावर भरली जातात, हे आधीच समजून असावे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून न्यायाधीन बंद्यांबरोबर काम करीत आहे. अशा ठिकाणचा अनुभव पुढे अर्जात वजनदार ठरतो.

आपल्या जागी मी असतो, तर आधी टंकलेखनाला लागलो असतो. मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट या वेगाची शासकीय प्रमाणपत्रे न्यायालयाच्या लिपिकाला लागतात, त्याच जोरावर इतर विभागांतील लिपिकांच्या परीक्षाही देता येतात, आणि लघुलेखनाचा वर्ग सोबत चालू ठेवला तर पुढच्या जाहिरातीपर्यंत दोन पदांसाठी पात्र होता येते. ही प्रमाणपत्रे महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या परीक्षेतून मिळतात. अर्जाच्या शेवटच्या तारखेला प्रमाणपत्र हातात असावे लागते, परीक्षा दिली आहे आणि निकाल यायचा आहे असे सांगून चालत नाही; चांगले वेग असलेले उमेदवार एवढ्याच कारणाने छाननीत गळताना मी पाहिले आहेत.