वाचकांचे प्रश्न : पाणी मुरलं म्हणजे गेलं कुठे?

प्रश्न : दोन तास धो धो पाऊस पडतो, सगळीकडे पाणीच पाणी, आणि थांबल्यावर थोड्या वेळाने बघावं तर जमीन नुसती ओली. सगळं पाणी खाली गेलं म्हणावं तर विहीर दुसऱ्या दिवशीही तेवढीच. मग गेलं कुठे?

उत्तर : आधी हिशोब करू. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. म्हणजे ४० मिलिमीटर पडला तर एका पलंगाएवढ्या जागेवर सुद्धा ८० लिटर, चार-पाच बादल्या सहज. त्यातलं थोडं पानांवरच अडकतं आणि तिथूनच उडून जातं, थोडं उताराने पळतं, आणि उरलेलं मातीत शिरतं. माती दिसते घट्ट पण चांगल्या मातीत निम्मी जागा पोकळच असते, त्यामुळे मीटरभर खोल पोयट्याची माती झाडाला ओढून घेता येईल असं साधारण १५० मिलिमीटर पाणी धरून ठेवू शकते. आता बघा, माती आधी कोरडी ठाक असेल तर तुमचे ४० मिलिमीटर ती वरच्यावरच पिऊन टाकते, खाली द्यायला शिल्लक काय राहणार? मातीचं स्वतःचं पोट भरलं की मगच जास्तीचं पाणी खाली सरकतं. जास्तीचं निथळून गेलं, पोकळ्यांत परत हवा शिरली आणि कणांना चिकटलेली ओल तेवढी राहिली की आपण म्हणतो वाफसा आला. ही चिकटलेली ओल खाली जातच नाही, ती मुळं ओढतात आणि पानांतून हवेत सोडतात. जगभरच्या जमिनीवर पडणाऱ्या पावसापैकी साधारण ६० टक्के पाणी असं परत वरच जातं. म्हणजे मुरलेलं पाणी विहिरीला मिळतं असं आपण धरून चालतो, पण बऱ्याचदा ते झाडांनी आधीच उचललेलं असतं.

प्रश्न : जोराचा पाऊस वाया जातो आणि रिपरिप पाऊस मुरतो असं का?

उत्तर : कारण मातीचा पिण्याचा वेग ठरलेला आहे. रेताड माती तासाला २०-३० मिलिमीटर घेते, चिकणमाती १ ते ५ च. त्याहून जोरात ओतलं तर वाहणारच, नरसाळ्यात घाईने तेल ओतल्यासारखं. दुसरं म्हणजे मोठा थेंब सेकंदाला ९ मीटर वेगाने आदळतो, उघड्या मातीचे कण फोडतो, ती बारीक माती भोकांत बसते आणि वर पापडी धरते. मग पाणी शिरणार कुठून? पालापाचोळा असला की हा मार तो खातो, म्हणून झाडाखालची माती भुसभुशीत राहते (पालापाचोळा कचरा म्हणून झाडून काढणाऱ्यांनी याचा जरा विचार करा). चिकणमातीचं मात्र एक गंमतशीर आहे, सुकल्यावर तिला भेगा पडतात आणि पहिला पाऊस त्या भेगा गटागटा पितात, मग माती फुगते, भेगा मिटतात आणि तीच जमीन पाणी घ्यायला नाही म्हणते.

प्रश्न : पावसात ओढा फुगतो ते पाणी त्याच पावसाचं ना? आणि पाऊस नसताना तो वाहतो कसा?

उत्तर : दुसऱ्याचं आधी. पाऊस नसताना ओढ्यात येतो तो जमिनीतला पाझर. पूर्वी बऱ्याच विद्वानांना वाटायचं की एवढ्या नद्या चालवायला पाऊस पुरणारच नाही, समुद्राचं पाणी जमिनीखालून डोंगरात चढत असणार. १६७४ मध्ये पिएर पेरो या फ्रेंच माणसाने सेन नदीच्या उगमाकडचा भाग घेऊन तिथला पाऊस आणि नदीचं पाणी यांचा हिशोब मांडला, तर पाऊस नदीच्या सहापट निघाला! पुरणार नाही म्हणे.

आता पहिला प्रश्न. मलाही वाटायचं की पूर म्हणजे ताजं पाणी, दुसरं काय असणार. पण पाण्यात जड ऑक्सिजनचं (म्हणजे ऑक्सिजनच्याच जरा वजनदार अणूंचं) प्रमाण पावसागणिक थोडं वेगळं असतं, त्यावरून नवं पाणी आणि जुनं पाणी ओळखता येतं. १९७० च्या दशकापासून अशी मोजणी झाली आणि झाडी असलेल्या ओल्या प्रदेशातल्या कितीतरी ओढ्यांमध्ये पुराचं निम्म्याहून जास्त पाणी जुनं निघालं, आधीच्या पावसांचं, जमिनीत थांबलेलं. भरलेल्या पाइपच्या एका टोकाला पाणी घातलं की दुसऱ्या टोकातून लगेच पाणी येतं पण ते घातलेलं पाणी नसतं, तसंच काहीसं. सिमेंट-डांबराच्या वस्तीत मात्र सरळ मामला, पडलं की गटारात, तिथे पुराचं पाणी बहुतेक त्याच दिवसाचं.

प्रश्न : जमिनीखाली नद्या वाहतात हे खरं का?

उत्तर : चुनखडीच्या गुहांमध्ये वाहतात. बाकी बहुतेक ठिकाणी नाही, तिथे पाणी वाळूच्या कणांमध्ये आणि खडकाच्या फटींमध्ये भरलेलं असतं आणि सरकतं किती, तर दिवसाला काही सेंटिमीटर, फार तर मीटरभर. म्हणून त्याचं वय फार असतं, ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट आर्टेशियन बेसिनमध्ये काही ठिकाणचं पाणी दहा लाख वर्षांहून जुनं आहे. वय काढायच्या पद्धतींपैकी एक तर अणुबॉम्बमुळे मिळाली. १९५० नंतरच्या हवेतल्या चाचण्यांनी पावसात ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार, वाढलं, १९६३ च्या सुमारास ते सगळ्यात जास्त होतं, आणि दर १२.३ वर्षांनी ते निम्मं होत जातं. विहिरीच्या पाण्यात ट्रिटियम जवळजवळ नसलंच तर तुम्ही उपसताय तो पाऊस त्या चाचण्यांच्याही आधी पडलेला आहे.